फुकटच्या अवजारांची देखभाल कोणाच्या खर्चाने?

९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळाली कॅम्प येथे झालेल्या समारंभात अमेरिकी बनावटीची एम-७७७ ही हलकी तोफ आणि कोरियन आराखड्यावर आधारलेली, पट्ट्यांवर चालणारी के-९ वज्र ही तोफ भारतीय तोफखान्यात दाखल झाली. समारंभास संरक्षणमंत्री उपस्थित होत्या. नव्या तोफांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. ज्या गावाची ओळख एकेकाळी लॅम रोडवरील आरोग्यधामे आणि तोफखान्याचे विद्यालय एवढीच होती, त्या गावाला एक दिवस राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. हे सारे उचितच होते. तथापि ज्यांनी आपले आयुष्य तोफखान्यात घालविले आहे, असे निवृत्त लोक देवळालीत पुष्कळ आहेत. आणि नवी तोफ पाहिली की त्यांच्या मनात येणारा प्रश्न छायाचित्रात मावणारा नसतो. दहा वर्षांनी हिचे सुटे भाग कोठून येणार आणि ते बसविणारे हात कोणाचे असणार, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नामागे एक कटू अनुभव आहे. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. पुढच्याच वर्षी लाचेचे प्रकरण उघडकीस आले, कंपनीशी व्यवहार थांबले आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. एका तोफेचे भाग काढून दुसरी चालू ठेवण्याची पाळी आली. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत याच तोफांनी मोलाची कामगिरी बजावली, हे त्यांच्या गुणवत्तेचे आणि त्या चालू ठेवणाऱ्या कारागिरांच्या चिकाटीचे द्योतक होते. परंतु या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग वेगळाच आहे. त्या तोफेचे आराखडे व तांत्रिक कागदपत्रे करारानुसार भारताला मिळालेली होती. ती कित्येक वर्षे कपाटात पडून राहिली. अखेर त्यांच्या आधारे जबलपूरच्या कारखान्यात ‘धनुष’ ही तोफ तयार झाली आणि पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हवाली झाल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये. आराखडा हाती असणे आणि आराखडा वाचून वस्तू चालू ठेवणारी माणसे हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समजावयास या देशाला तीन दशके लागली.

संगणकाच्या क्षेत्रात हीच चूक आज अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक निश्चिंतपणे होत आहे. ‘मुक्त स्रोत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, बदलता येते, वाटता येते. सरकारी कचेऱ्या, बँका, विद्यापीठे, रेल्वे या सर्वांच्या कारभारात अशा आज्ञावल्या शिरलेल्या आहेत. त्या विनामूल्य मिळतात म्हणून त्यांना मूल्य नाही, आणि आराखडा जगजाहीर आहे म्हणून देखभालीची काळजी नको, असा दुहेरी समज आपल्याकडे रूढ झाला आहे. तो किती भ्रामक आहे हे पाहावयाचे तर या आज्ञावल्यांच्या मुळाशी असलेल्या एका अवजाराकडे वळले पाहिजे. ते अवजार म्हणजे कंपायलर.

अवजारे घडविणारे अवजार

संगणकाच्या यंत्राला शून्य आणि एक यांपलीकडे काही कळत नाही. माणूस आज्ञावली लिहितो ती त्याला समजेल अशा सांकेतिक भाषेत. या भाषेतील मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी जी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. नगरपालिकेतील कारकून ज्यावर मराठीत पत्र लिहितो ती आज्ञावली, बँकेच्या खिडकीवरील हिशेबाची आज्ञावली, एवढेच नव्हे तर संगणक सुरू करताच जागी होणारी ऑपरेटिंग सिस्टिम, ही सर्व कोणत्या ना कोणत्या कंपायलरच्या हाताखालून गेलेली असतात. लोहाराला इतर सर्व अवजारे घडविता येतात, पण त्यासाठी ऐरण आधी लागते. कंपायलरचे स्थान त्या ऐरणीचे आहे.

या स्थानामुळेच त्याच्याविषयी बेफिकीर राहणे धोक्याचे ठरते. युनिक्स या प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरमध्येच दगाफटका करून ठेवला तर त्यातून तयार होणाऱ्या आज्ञावल्यांत तो उतरतो आणि मूळ संहिता कितीही तपासली तरी तो सापडत नाही. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही मुक्त स्रोतावर आधारलेली प्रणाली स्वीकारण्याचे ठरविल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले, तेव्हा स्वावलंबन म्हणून तिचे स्वागत झाले. ते योग्यच होते. परंतु प्रणाली स्वदेशी आणि तिला घडविणारे अवजार जाणणारे मात्र मोजकेच, अशी स्थिती असेल तर ते स्वावलंबन अर्धेच म्हणावे लागेल.

मुक्त कंपायलरांत सर्वांत ज्येष्ठ म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाचा भाग म्हणून १९८७ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला. एकच कंपायलर अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी वापरता यावा अशी त्याची रचना असून प्रत्येक यंत्रप्रकारासाठी त्यात एक स्वतंत्र शाखा असते. ही शाखा लिहिणे हे कौशल्याचे काम आहे, आणि ती चालू ठेवणे हे चिकाटीचे. मुख्य खोडात दरवर्षी बदल होतात. त्यांच्याशी जुळवून घेत प्रत्येक शाखा कोणीतरी सांभाळावी लागते.

हे काम फुकट होते असे समजणे चुकीचे आहे. १९८९ मध्ये सिग्नस नावाची कंपनी अमेरिकेत स्थापन झाली ती मुक्त आज्ञावल्यांची देखभाल करून पैसे मिळविण्यासाठीच. चिप बनविणाऱ्या कंपन्या तिला पैसे देत आणि ती त्यांच्या यंत्रासाठी जीसीसीची शाखा तयार करून देई. १९९९ मध्ये रेड हॅट कंपनीने ती विकत घेतली. अर्थात ज्या यंत्राला श्रीमंत मालक असतो त्याची शाखा सांभाळली जाते. मालकाचा रस संपला की काय होते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पाहण्यासाठी देवळालीहून पुण्यापलीकडे जाण्याची गरज नाही.

पुण्याची एक शाखा

पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीच्या अभियंत्यांनी जपानी व अमेरिकी बनावटीच्या छोट्या चिपांसाठी जीसीसीवर पुष्कळ काम केले. त्यांपैकी नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीच्या सीआर-१६ नामक चिपसाठी लिहिलेली शाखा २०१२ मध्ये जीसीसीत समाविष्ट झाली. जगातील सर्वांत महत्त्वाच्या कंपायलरमध्ये एक संपूर्ण शाखा महाराष्ट्रातून जावी, ही अभिमानाची गोष्ट होती. आपल्याकडे तिची वार्ता फारशी कोणाच्या कानी गेली नाही.

त्यानंतर २०१९ च्या सुमारास जीसीसीच्या चालकांनी खोडातील एक फार जुनी व्यवस्था काढून टाकण्याचे ठरविले. गणिती क्रियेचा निकाल धन, ऋण की शून्य, याची नोंद ठेवण्याची ती पद्धत होती आणि काही जुन्या शाखा तिच्यावर विसंबून होत्या. ज्यांना जगावयाचे त्यांनी ठराविक मुदतीत नव्या पद्धतीला जुळवून घ्यावे, अन्यथा वगळले जावे, असा इशारा देण्यात आला. पुढे घडलेला प्रकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावा असा आहे.

एम-६८के ही १९८० च्या दशकातील चिप. तिच्यावर चालणारे अमिगा, अटारी यांसारखे संगणक बाजारातून कधीच गेले. पण जगभर विखुरलेले त्यांचे छंदिष्ट होते. त्यांनी वर्गणी गोळा करून बक्षीस जाहीर केले, एका अनुभवी प्रोग्रामरने काम अंगावर घेतले आणि शाखा वाचली. व्हॅक्स हे १९७७ साली बाजारात आलेले यंत्र. तिची शाखाही एका प्रोग्रामरच्या परिश्रमाने टिकली. तिसरी शाखा एव्हीआर या चिपची. आर्डुइनो या नावाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या फळीच्या सर्वाधिक खपलेल्या प्रकारावर हीच चिप असते. द्राक्षबागेतील ओलावा किंवा कांदाचाळीतील उष्णता मोजण्याचे प्रकल्प करणारी नाशिक परिसरातील मुले जी आज्ञावली त्या फळीत उतरवितात, ती जीसीसीच्या एव्हीआर शाखेतूनच जाते. ही शाखाही वगळण्याच्या यादीत होती. तिच्यासाठीही बक्षीस जाहीर झाले, आणि अखेर एका भारतीय अभियंत्याने ते काम तडीस नेले. आपल्या हातातील अवजार आपण न मागता कोणीतरी वाचविले, हे ते वापरणाऱ्या लक्षावधी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना ठाऊकही नाही.

सीआर-१६ च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. २०२१ च्या आवृत्तीत ती शाखा कालबाह्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. दहा वर्षांत एक शाखा आली आणि गेली. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. चिपचे मालक बदलले, ग्राहक कमी झाले, कंपनीचा व्यवसाय दुसऱ्या दिशेने वाढला. नफ्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने नफा नसलेले काम निरंतर करीत राहावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. प्रश्न असा आहे की, कंपनीने हात काढून घेतल्यावर ते काम उचलू शकेल अशी एकही संस्था, एकही विद्यापीठ, एकही निधी महाराष्ट्रात का नव्हता?

सर्वांचे ते कोणाचेच नाही?

अर्थशास्त्रात अशा वस्तूंना सार्वजनिक वस्तू म्हणतात. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही, आणि न देणाऱ्याला वापरापासून रोखता येत नाही. मग देईल कोण? मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, गट जितका मोठा तितका प्रत्येकजण दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकावयास पाहतो. एम-६८के चे छंदिष्ट मूठभर होते; त्यांना एकमेकांची नावे ठाऊक होती आणि आपण न दिले तर कोणीच देणार नाही याची जाणीवही होती. म्हणून त्यांनी दिले. आर्डुइनोचे वापरकर्ते कोट्यवधी. म्हणून त्यांच्यातील बहुतेकांना प्रश्नच पडला नाही. लहान समुदाय आपली विहीर उपसतो आणि मोठे शहर तहानलेले राहते, असा हा विरोधाभास आहे.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा असे आढळले की, जगातील बहुसंख्य संकेतस्थळांचे व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या जेमतेम २००० डॉलर होत्या. २०२४ च्या मार्च महिन्यात एक्सझेड या आज्ञावलीत कोणीतरी चोरवाट बसविल्याचे उघड झाले. ती एकहाती सांभाळणारा माणूस थकलेला होता. मदतीच्या मिषाने आलेल्या अज्ञात व्यक्तीने दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करून हा घात केला. तो लक्षात आला तो एका दक्ष अभियंत्याला आपला संगणक किंचित मंद वाटला म्हणून. हा केवळ योगायोग होता, आणि सार्वजनिक सुरक्षितता योगायोगावर सोपविता येत नाही.

तरीही सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा काही निसर्गनियम नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक कुरणांचा, पाण्याचा व मासेमारीचा अभ्यास करून दाखविले की, वापरणारे लोक स्वतः नियम करतात, भार वाटून घेतात आणि देखरेख ठेवतात तेथे सामाईक मालमत्ता पिढ्यान् पिढ्या टिकते. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नाशिक जिल्ह्याच्या वाचकाला यासाठी परदेशी दाखल्याची जरुरी नाही. बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, तसेच धुळे जिल्ह्यात पांझरेवर, शतकानुशतके फड पद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि त्याखालील जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एक पीक घ्यावयाचे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, राखणीला जागले, त्यांचा मोबदला लाभधारकांनी द्यावयाचा. हंगामाआधी पाटातील गाळ काढण्याच्या कामाला सर्वांनी यावयाचे. बंधारा बांधणारा कोण हे लोक विसरले. गाळ काढणे मात्र विसरले नाहीत, आणि त्यामुळेच बंधारा टिकला. जेथे गाळ काढणे थांबले तेथे पद्धतही मोडली.

कंपायलरची शाखा हा असाच एक पाट आहे. तो खणणाऱ्याचे नाव होते, पाणी सर्वांना मिळते. पण गाळ काढणारा पाटकरी नेमल्यावाचून दोन-चार हंगामांत तो बुजतो.

लहान समुदाय हे काम कसे करतात याचे एक उदाहरण हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमचे आहे. बीओएस ही प्रणाली बनविणारी कंपनी २००१ साली विकली गेली. त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी तीच प्रणाली मुक्त स्वरूपात पुन्हा लिहावयास घेतली. जुन्या आज्ञावल्या नव्या प्रणालीवर चालाव्यात म्हणून या लोकांनी १९९९ सालचा जीसीसी २.९५ हा कंपायलर आपल्या एका आवृत्तीत स्वतःच जिवंत ठेवला आहे. बाकी जगाने तो केव्हाच टाकून दिला. देणग्या गोळा करण्यासाठी त्यांनी ना-नफा संस्था काढली आणि २०२१ पासून त्या पैशातून एका प्रोग्रामरला पूर्णवेळ कामावर ठेवले. शौकिनांचा एवढासा समुदाय एका माणसाचा पगार नियमाने देऊ शकतो, तर बारा कोटी लोकांचे राज्य किती पगार देऊ शकेल, याचा हिशेब कोणीही करावा.

घोषणांचे धोरण

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम प्रसिद्ध केली. त्याच दशकात आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. जीसीसीच्या अंतरंगाची ओळख करून देणाऱ्या त्याच्या कार्यशाळांना देशभरचे अध्यापक व अभियंते येत. पुण्याच्या रेड हॅटमधील मंडळींनी ‘लोहित’ टंक वर्षानुवर्षे सांभाळला. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ संगणकाच्या पडद्यावर नीट दिसावा, यासाठी असे किती हात राबले याची नोंद मराठी भाषेच्या कोणत्याही गौरव समारंभात होत नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोताच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. परंतु त्याचा सारा भर वापरण्यावर आहे. जे वापरावयाचे ते सांभाळण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचा, हे स्पष्ट झाल्याचे दिसत नाही.

यामागे आपल्या अंदाजपत्रकाची एक जुनी खोड आहे. कित्येक दशके शासकीय खर्चाची योजनांतर्गत आणि योजनेतर अशी विभागणी होती. नवे धरण, नवा रस्ता, नवी इमारत हा योजनांतर्गत, म्हणून विकासाचा खर्च. त्यांची दुरुस्ती हा योजनेतर, म्हणून काटकसरीचा पहिला बळी. २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून ही विभागणी रद्द झाली. मनोवृत्ती मात्र रद्द झाली नाही. उद्घाटनाला कोनशिला असते, दुरुस्तीला नसते. संगणकाच्या क्षेत्रात तर दुरुस्ती डोळ्यांनी दिसतही नाही, म्हणून तिची उपेक्षा दुप्पट होते.

इतरत्र काय चालले आहे? जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक निधी उभारून मूलभूत मुक्त आज्ञावल्यांच्या देखभालीसाठी सरकारी पैसा देण्यास आरंभ केला. केरळने शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती प्रणाली शाळांच्या गरजेप्रमाणे घडविणारी व शिक्षकांना शिकविणारी स्वतःची यंत्रणा ठेवली. महाराष्ट्रात मात्र एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी कर्मचारी व विद्यार्थी गेले ते बहुतांशी एकाच परदेशी कंपनीच्या आज्ञावल्या चालवावयास शिकून. खाजगी क्षेत्रात झिरोधा या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही स्तुत्य गोष्ट आहे. पण एका उद्योगाचे औदार्य ही व्यवस्था होऊ शकत नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे खरेदीच्या नियमात बदल. लष्करात तोफ विकत घेताना तिच्या सुट्या भागांचा व दुरुस्तीचा विचार त्याच व्यवहारात करावा लागतो. बोफोर्सने तो धडा शिकविला. शासनाच्या प्रत्येक संगणक प्रकल्पात, ज्या मुक्त आज्ञावल्यांवर तो उभा आहे त्यांच्या देखभालीसाठी खर्चाचा एक लहानसा निश्चित अंश वेगळा काढणे बंधनकारक करता येईल. टक्का किती हा तपशिलाचा प्रश्न आहे. शीर्ष निर्माण होणे महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट, या पैशातून बक्षिसांऐवजी पगार द्यावेत. बक्षीस एका संकटापुरते उपयोगी पडते, देखभाल मात्र रोजची असते. शिवाय वर्गण्या गोळा करणाऱ्या मध्यस्थांनी पैसे वेळेवर दिले नाहीत अशा तक्रारीही या क्षेत्रात झालेल्या आहेत. विद्यापीठांत किंवा सी-डॅकसारख्या संस्थांत पाच-पाच वर्षांच्या नेमणुका असाव्यात आणि त्यांच्या कामाचा हिशेब जगजाहीर असावा. मुक्त आज्ञावलीत प्रत्येक बदल कोणी केला हे नोंदलेलेच असते, तेव्हा हिशेब तपासणे इतर कोणत्याही सरकारी कामापेक्षा सोपे आहे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी जे प्रकल्प करतात त्यांतील बहुसंख्य परीक्षेनंतर अडगळीत जातात. त्याऐवजी एखाद्या चालू आज्ञावलीतील एक दोष शोधून दुरुस्त करणे आणि ती दुरुस्ती मूळ चालकांकडून मान्य करून घेणे, याला प्रकल्पाचा दर्जा दिला पाहिजे. अध्यापकाच्या पदोन्नतीत शोधनिबंधाला गुण आहेत, दुरुस्तीला नाहीत. हेही बदलले पाहिजे. देवळाली कॅम्पमधील किंवा सटाण्यातील एखाद्या मुलीने केलेली दुरुस्ती जगातील प्रत्येक आर्डुइनोत उतरू शकते. असे श्रेय मिळविण्यासाठी तिला घर सोडावे लागत नाही, की कोणाची चिठ्ठी आणावी लागत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. शाळांना छप्पर नाही तेथे कंपायलरवर खर्च कशाला, हा पहिला. तो प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर आकड्यांच्या प्रमाणात दिले पाहिजे. डझनभर कुशल माणसांचा पगार हा राज्याच्या संगणकखर्चाच्या मानाने क्षुल्लक आहे. आणि शिधावाटप, निवृत्तिवेतन, परीक्षांचे निकाल हे सर्व ज्या आज्ञावल्यांवर चालते त्या ढासळल्या तर पहिला फटका छप्पर नसलेल्यालाच बसतो. दुसरा आक्षेप असा की, आपण पैसे द्यावयाचे आणि लाभ साऱ्या जगाने घ्यावयाचा, हे कसे? गेली चाळीस वर्षे जगाने दिले आणि आपण घेतले, हे त्याचे उत्तर आहे. शिवाय देणाऱ्याला एक गोष्ट अशी मिळते की जी फुकट घेणाऱ्याला कधीच मिळत नाही: ते अवजार जाणणारी माणसे त्याच्या घरात तयार होतात. एव्हीआरची शाखा वाचली तेव्हा जगाला एक आज्ञावली मिळाली. भारताला ती जाणणारा एक माणूस मिळाला. ‘धनुष’ला तीन दशके लागली ती अशी माणसे वेळीच उभी न केल्यामुळे.

प्रत्येक जुनी शाखा जगविलीच पाहिजे असा मात्र याचा अर्थ नव्हे. सीआर-१६ चिप वापरणारे उरले नसतील तर तिची शाखा गेली यात हळहळण्याजोगे काही नाही. फडातील एखादा पाट निरुपयोगी झाला तर गावकरी तो सोडूनही देतात. परंतु सोडून देण्याचा तो निर्णय गावकऱ्यांनी बसून, विचार करून घेतलेला असतो. आपल्या शाखेच्या बाबतीत तसा निर्णय महाराष्ट्रात कोणी घेतलाच नाही. ती गेल्याचे कोणाला कळलेही नाही. नुकसान आहे ते या अज्ञानाचे, आणि उद्या ज्या शाखेवर आपला खरोखर भार आहे तिची पाळी येईल तेव्हाही आपण असेच अनभिज्ञ असू, ही भीती आहे.

देवळालीच्या तोफखाना विद्यालयात येणाऱ्या तरुणाला तोफ डागण्याबरोबरच ती पुसून, तपासून, पुढच्या दिवसासाठी सज्ज ठेवण्याची शिस्त लावली जाते. ज्याला ही शिस्त नाही त्याच्या हाती तोफ दिली जात नाही. संगणकाची अवजारे आपल्या हाती कोणतीही अट न घालता आलेली आहेत. म्हणून ती शिस्त आपली आपणच लावून घेतली पाहिजे. राज्याचे पुढचे अंदाजपत्रक मांडताना देखभालीचे एक लहानसे शीर्ष त्यात उघडले गेले, तर तिचा आरंभ झाला असे म्हणता येईल.